हातानं कोरलेली लाईटवाली ॲक्रेलिकची पाटी भेट द्यायची आहे? मग सामान घ्यायच्या आधी हे वाचा

बहिणीची वास्तुशांती असो, गुरुजींचा निरोप समारंभ असो नाहीतर मित्राचं लग्न, स्वतःच्या हातानं काहीतरी करून द्यायचं मनात असेल तर लाईटवाली पाटी ही लय सुंदर भेट होते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, गावात लेझर मशीन नाही, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कोरायची मशीन) नाही, तालुक्याला एक रेडियम आर्टवाला आणि गावात एक सुतार, एवढ्यावरच माझं काम चालते आणि पाट्या चांगल्या होतात. शिकताना सांगणारं कोणी नव्हतं, व्हिडिओत जे सामान दाखवत ते इकडं मिळत नव्हतं आणि जे मिळत होतं त्याचं नाव व्हिडिओवाल्यांना माहीत नव्हतं, म्हणून सगळं नीट क्रमानं लिहून राहिलो.

वस्तू काय आहे ते एकदा सांगतो. जाड पारदर्शक ॲक्रेलिकची शीट लाकडी बैठकीत उभी असते, बैठकीच्या खाचेत एलईडी पट्टी लपलेली असते, आणि शीटच्या मागच्या बाजूनं अक्षरं कोरलेली असतात. लाईट बंद असताना अक्षरं नुसती पांढुरकी दिसतात, चालू केली की शीट जणू नाहीशी होते आणि अक्षरं हवेत पेटून उभी राहतात.

१. आधी उजेड कसा चालते ते समजून घ्या

हा भाग सोडून पुढं जाऊ नका, कारण पुढचा प्रत्येक नियम यातूनच निघते. ॲक्रेलिकचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळते त्याचं माप, साधारण १.४९ आहे. खालच्या कडेतून उजेड आत शिरला की तो पुढच्या-मागच्या गुळगुळीत बाजूंवर इतका तिरपा पडते की बाहेर येऊच शकत नाही, आतल्या आतच परत फिरते. दहावीला पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवतात तेच हे, ज्या कोनापुढं उजेड बाहेर पडत नाही तो कोन ॲक्रेलिकसाठी ४२ अंशांच्या आसपास येते. ओलिताच्या पाटाचं पाणी जसं बांधाबांधानं सरळ जाते आणि जिथं माती फुटली तिथूनच बाहेर पडते, तसंच शीटमधल्या उजेडाचं आहे. तुम्ही जिथं कोरलं तिथून तो बाहेर पडते आणि ते अक्षर पेटते.

पण उजेडाला तुमचं अक्षर कोणतं आणि चुकून पडलेला ओरखडा कोणता हे कळत नाही. चुकलेली रेघ, बोटाचा तेलकट ठसा, धूळ, गोंदाचा थेंब, सगळंच पेटते. दिवसा खिडकीपाशी जी शीट एकदम साफ वाटते तीच रात्री लाईट लावली की आकाशगंगेसारखी ठिपक्यांनी भरलेली दिसते. म्हणून या कामात कोरण्याइतकीच मेहनत न कोरलेली जागा जपण्यात जाते, आणि मला वाटते हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागते.

दुसरी गोष्ट, उजेड खालून वर जाता जाता कमी होत जाते. खाली भरपूर कोरलं तर तिथंच तो खर्च होते आणि वरच्या ओळी फिक्या पडतात. कडेला एलईडी असलेल्या एलसीडी मोबाईल-टीव्हीच्या पडद्यामागं जी उजेड पसरवणारी पट्टी असते तिच्यावर बारीक ठिपके असतात, ते एलईडीजवळ विरळ आणि लांब गेलं की दाट असतात, कारण हेच. आपणही तेच करायचं, खाली हलका हात, वर भरगच्च काम.

२. सामानाची यादी

हे सगळं एकाच फेरीत आणा, अर्ध्यातून तालुक्याला धावत जावं लागलं की कामाचा मूड जाते.

- ॲक्रेलिक शीट, पारदर्शक, ६ मिमी जाड, १२ इंच बाय ८ इंच. सोबत त्याच जाडीचे एकदोन तुकडे सरावासाठी
- एलईडी पट्टी, १२ व्होल्ट, मीटरला १२० एलईडीवाली
- १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा ॲडाप्टर, त्याला बसणारी डीसी सॉकेट, छोटा स्विच
- मिनी ग्राइंडर किंवा एनग्रेव्हिंग पेन (कोरायची पेनाएवढी मशीन), आणि डायमंड बरचा सेट (बर म्हणजे मशीनच्या टोकाला बसणारी कोरायची छोटी काडी)
- बारीक दातांचं हेक्सा ब्लेड, कानस
- वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) २२०, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा
- सोल्डर आयर्न, कथील, पेस्ट, श्रिंक स्लीव्ह (गरम केलं की वायरीवर आवळून बसणारी नळी)
- मास्किंग टेप, मऊ ब्रश, धुतलेलं सुती कापड, काळं कापड
- एन९५ मास्क आणि चष्मा

मास्क आणि चष्मा यादीत शेवटी लिहिले म्हणून शेवटी घेऊ नका. ॲक्रेलिकची भुकटी एकदम बारीक असते आणि तोंड शीटजवळच असते. गळ्यात दुपट्टा किंवा ओढणी असेल तर काढून ठेवा, फिरत्या मशीनमध्ये कापड गुंडाळलं जायला सेकंद लागत नाही.

ॲडाप्टर विकत घ्यायच्या आधी घरात शोधा. जुन्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफाय राउटरचा ॲडाप्टर बहुतेक १२ व्होल्टचाच असते. त्याच्यावरची आउटपुटची ओळ वाचा, १२ व्होल्ट आणि डीसी असं लिहिलेलं पायजे. डीसी म्हणजे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी खूण असते.

३. शीट घेताना फसू नका

ॲक्रेलिक दोन प्रकारचं येते, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. दिसायला दोन्ही सारखंच. कास्ट कोरलं की कोरडी पांढरी भुकटी पडते आणि रेघ दुधासारखी पांढरी येते. एक्स्ट्रुडेड गरम झालं की वितळते, बरला चिकटते, रेघेच्या काठावर च्युइंगमसारखे धागे येतात आणि रेघ अर्धवट पारदर्शक राहते. हातानं कोरायला कास्टच पायजे, यात तडजोड नको.

दुकानदाराला विचारलं तर तो कास्टच म्हणेल. मला एका दुकानातून कास्ट म्हणून जे दिलं ते बर लावल्याबरोबर वितळायला लागलं, तेव्हापासून मी आधी कातरणीचा तुकडा मागतो, घरी कोरून पाहतो आणि मग शीट घेतो. पुष्कळदा कास्टला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला असते आणि एक्स्ट्रुडेडला पातळ प्लास्टिक, पण याच्यावर एकट्यावर विसंबू नका, तुकडा कोरून पाहणं हीच खरी परीक्षा.

मिळते कुठं? तालुक्याच्या रेडियम आर्टवाल्याकडं किंवा फ्लेक्स-बोर्डवाल्याकडं. पूर्ण शीट ८ फूट बाय ४ फूट येते, ती आपल्याला नको, त्यांच्याकडं बोर्ड कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते विचारा, स्वस्तात देतात. नागपूरला जाणं होत असेल तर बर्डी आणि इतवारीत एलईडी, ॲडाप्टर, बर सगळं मिळून जाते.

जाडी ६ मिमीच का? ३ मिमीच्या कडेत उजेड कमी शिरते आणि शीट वाकते. ८ किंवा १० मिमी छानच दिसते पण कापायला आणि कड घासायला लय मेहनत. सुताराच्या भाषेत ६ मिमी म्हणजे अदमासे २ सूत (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), हे पुढं बैठकीत कामी येते.

४. अक्षरं आणि डिझाइन

पहिल्या पाटीला कमी शब्द घ्या. घराचं नाव, नाहीतर गावाकडं सगळ्यांच्या ओठावर असलेलं 'गण गण गणात बोते', असं काहीतरी. शेगावच्या भक्ताच्या घरी ही पाटी दिली की माणूस ती देवघरातच ठेवते, आणि कोरणाऱ्याच्या दृष्टीनंही ही ओळ सोपी, जोडाक्षर एकही नाही, खाली उकार नाही. याउलट 'श्री' पहिल्याच दिवशी घेऊ नका, त्याचा वरचा वळसा आणि मधली बारीक जागा सांभाळायला हात बसलेला लागते.

अक्षराची उंची कमीत कमी १ इंच ठेवा, रेघेची जाडी २ ते ३ मिमी. याहून बारीक अक्षरात 'थ'ची गाठ आणि 'ण'च्या दोन काड्या एकमेकांत मिसळतात आणि पेटल्यावर नुसता पांढरा गोळा दिसते.

प्रिंट काढायला देताना फाइल पीडीएफ किंवा फोटो म्हणून द्या. मोबाईलवर आपण युनिकोडमध्ये टाइप करतो आणि बऱ्याच झेरॉक्स-डीटीपीवाल्यांकडं जुने वेगळे फॉन्ट असतात, वर्डची फाइल दिली की त्यांच्याकडं अक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडं जातात, आणि घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. नाव कोणाचं असेल तर ते कसं लिहितात हे पत्रिकेवरून किंवा घरच्या माणसाला विचारून पक्कं करा. कोरलेलं खोडता येत नाही.

आता उलट-सुलटचा घोळ, इथं नवीन माणूस हमखास अडकते. आपण कोरतो मागच्या बाजूनं आणि पाहतो समोरून. म्हणून डिझाइन मिरर करून, म्हणजे आरशात दिसते तसं उलटं प्रिंट करायचं. ते प्रिंट शीटच्या समोरच्या बाजूला असं चिकटवायचं की छापलेली बाजू ॲक्रेलिकला लागेल. मग शीट पालथी करायची, आता मागून पाहिलं की उलटी अक्षरं आरपार दिसतात, तीच गिरवायची. समोरून ती सुलटी होतात. डोक्यात गोंधळ होत असेल तर सरावाच्या तुकड्यावर 'ग' हे एकच अक्षर करून पाहा, दोन मिनिटांत समजते. मागून कोरण्याचा फायदा असा की समोरची बाजू गुळगुळीत राहते, पुसायला सोपी जाते आणि अक्षर काचेच्या आत असल्यासारखं दिसते.

खालचा १ इंच भाग बैठकीत जाणार, म्हणून डिझाइन खालच्या कडेपासून किमान दीड इंच वर सुरू करा. एलईडीच्या अगदी जवळ कोरलं तर वेगवेगळे ठिपके दिसतात, सारखा उजेड येत नाही.

५. कापणं आणि कड घासणं

शक्य असेल तर दुकानातूनच मापात कापून आणा. घरी कापायचं तर बारीक दातांचं हेक्सा ब्लेड, शीटच्या खाली सपाट लाकूड आणि अधूनमधून पाण्याचा थेंब. जोरात रेटलं की ब्लेड गरम होते, ॲक्रेलिक वितळून ब्लेडवरच जमते आणि मग टवका उडते. वरचा कागद या वेळी काढायचा नाही, कड पूर्ण होईपर्यंत तो राहू द्या.

खालची कड, म्हणजे जिथून उजेड शिरणार ती, सगळ्यात महत्त्वाची. आधी कानशीनं सरळ करा, मग वॉटर पेपर सपाट लाकडाला गुंडाळून पाणी लावत २२० पासून सुरुवात. एका नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका, २२० ची रेघ १००० नं जात नाही, कितीही घासा. २००० झाल्यावर पितळ चमकवायचं पॉलिश कापडावर घेऊन घासलं की कड काचेसारखी होते. काही जण ज्योत फिरवून कड चमकवतात, ते टाळा, त्यानं आत ताण राहते आणि पुढं बारीक भेगा येतात.

वरची आणि बाजूची कड तुमच्या आवडीवर. ४०० नंबरवर सोडून दिली तर ती मॅट राहते आणि पाटीभोवती उजेडाची चौकट तयार होते, मला ती आवडते. चारही कोपरे कानशीनं जरासे गोल करा, लहान पोरं हात लावतात.

६. कोरणं

टेबलावर मऊ कापड, त्यावर शीट पालथी, खाली प्रिंट चिकटवलेलं. संरक्षक कागद आता दोन्ही बाजूंनी काढलेला, समोरच्या बाजूला पूर्ण मापाचं प्रिंट लावलं की तेच तिचं रक्षण करते. कागद-प्लास्टिक ओढून काढलं की शीटमध्ये स्थिर विद्युत येते आणि घरातली सगळी लव तिच्याकडं धावते, कोरडं पुसलं तर आणखी वाढते, म्हणून ओलसर कापडानं हलकं पुसून घ्या. आणि मनगट थेट शीटवर टेकवू नका, खाली दुसरं स्वच्छ कापड ठेवा.

मशीनचा स्पीड कमी. मिनी ग्राइंडर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वर फिरू शकते, पण तेवढ्या वेगानं ॲक्रेलिक वितळते, खालच्या टप्प्यावरच ठेवा. गोल डोक्याचा डायमंड बर घ्या, १ मिमीचा बाहेरच्या रेघेला, २ मिमीचा आतून भरायला. मशीन पेनासारखी धरा, थोडी तिरपी, आणि वजन देऊ नका. पहिला हात नुसता खडूसारखी रेघ उमटेल इतका. एका दमात खोल जायचा प्रयत्न केला की बर उसळी मारते आणि रेघ अक्षराच्या बाहेर जाते.

आता देवनागरीची एक खास गोष्ट, इंग्रजी अक्षरांच्या व्हिडिओत ही कोणी सांगत नाही. उजेड खालून वर जाते, म्हणून त्याच्या वाटेत आडवी येणारी रेघ जास्त पेटते आणि त्याच्या दिशेनं उभी असलेली रेघ कमी पेटते. आपली शिरोरेषा पूर्ण आडवी, काना पूर्ण उभा. दोन्ही सारखेच कोरले तर शिरोरेषा लखलखते आणि काना, 'ग'ची काडी, 'ण'च्या काड्या फिक्या पडतात, दुरून पाहिलं तर दोरीवर काहीतरी वाळत घातल्यासारखं दिसते, वाचता येत नाही. म्हणून शिरोरेषेला एकच हलका हात, आणि काना-काड्यांना दोन-तीन हात. काना कोरताना बर सरळ खाली न ओढता बारीक बारीक आडव्या घासण्या मारत खाली या, त्या प्रत्येक घासणीवर उजेड अडते आणि काना शिरोरेषेच्या बरोबरीनं पेटते. वेलांटीचा वरचा वळसा आपोआप छान पेटते, त्याला जास्त काही करायची गरज नाही.

दोन ओळी असतील तर आधी वरची ओळ करा, खालची नंतर आणि हलकी. खालच्या ओळीची शिरोरेषा वरच्या ओळीचा उजेड खाते.

बाहेरची रेघ सगळी झाली की प्रिंट काढून टाका, शीटखाली काळं कापड घाला, आणि एलईडी पट्टी मास्किंग टेपनं खालच्या कडेला तात्पुरती धरून लाईट चालू करा. खोलीतला मोठा लाईट बंद करून पुढचं काम या उजेडातच करा. कुठं फिकं आहे, कुठं जास्त झालं, कुठं भुकटीखाली रेघ सुटली, सगळं डोळ्यासमोर दिसते. चष्मा-मास्क मात्र ठेवाच.

भुकटी फुंकू नका आणि कापडानं ओढू नका, मऊ ब्रशनं झटका. कोरड्या कापडाखाली भुकटी आली की तीच ओरखडे पाडते.

छोटा नको असलेला ओरखडा पडलाच तर १००० आणि २००० च्या ओल्या वॉटर पेपरनं तेवढीच जागा घासून पॉलिश करता येते, बारीक असेल तर जाते. खोल असेल तर त्या जागी एखादं पान किंवा चांदणी काढून डिझाइनमध्येच घेणं बरं पडते.

७. लाकडी बैठक

गावातल्या सुताराकडं लाकडात खाच पाडायची राउटर मशीन नसेल तरी काही अडत नाही. तीन पट्ट्या जोडून खाच करा. बाहेरच्या दोन पट्ट्या १४ इंच लांब, २ इंच उंच, १ इंच जाड. मधली पट्टी १४ इंच लांब, १ इंच उंच, अर्धा इंच जाड. तिन्ही फेविकॉलनं जोडून शिकंज्यात एक रात्र दाबून ठेवल्या की मध्ये आपोआप अर्धा इंच रुंद आणि १ इंच खोल खाच तयार होते. दोन्ही टोकं लाकडाच्या तुकड्यांनी अशी बंद करा की मध्ये १२ इंच आणि वर १ सूत लांबी उरेल.

माझ्या सुतारकाकांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "भाऊ, काच बसवाची हाय त फिट्ट नाई पायजे काय?" फिट्ट नको. ॲक्रेलिक उन्हानं वाढते, लाकडापेक्षा आणि काचेपेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असते आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, तेवढ्या फरकानं १२ इंची शीट जवळपास पाऊण मिलिमीटर लांब होते. घट्ट ठोकून किंवा चिकटवून बसवली तर ती कमान होते नाहीतर तडकते. ते १ सूत त्याच्यासाठी आहे.

रुंदीचा हिशोब असा. खाच अर्धा इंच म्हणजे ४ सूत, शीट २ सूत. दोन्ही बाजूंना १-१ सुताची प्लायची पट्टी सरकवली की शीट मधोमध सरळ उभी राहते, आणि गोंद न लावता. शीट एलईडीवर टेकायला नको, म्हणून खाचेच्या दोन्ही टोकांना खाली १ सूत जाडीचा, सेंटिमीटरभर लांब लाकडाचा तुकडा चिकटवा, शीट त्या दोन पायांवर बसते आणि पट्टी त्यांच्या मध्ये. वायरसाठी खाचेच्या तळातून मागच्या बाजूला ६ मिमीचं भोक पाडून घ्या, हे जोडायच्या आधी आठवलं तर बरं.

लाकूड सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, बल्लारपूर-आलापल्लीकडचा साग काय असते ते आपल्याकडं सांगायला नको. सुताराकडं दार-खिडकीतून उरलेले तुकडे असतात, तेवढे पुरतात. जंगलातून आणायच्या भानगडीत पडू नका, सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागते. साग नसेल तर वाळलेली बाभूळ किंवा कडुनिंबही चालते, फक्त ओलं लाकूड नको, पावसाळ्यानंतर खाच वाकडी होते.

वरून पॉलिशला जवसाचं तेल लावलं की लाकूड उजळते. पेंटच्या दुकानात उकळलेलं मिळते ते घ्या, कच्चं लवकर वाळत नाही. आणि इथं एक गंभीर सूचना, तेलानं भिजलेलं कापड गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडते आणि गुंडाळलेल्या चिंधीत ती साठून चिंधी आपोआप पेटू शकते. कापड अंगणात पसरून वाळवा, मग टाका. आमच्यासारख्या घरात शेजारीच कापूस नाहीतर कडबा असते.

८. एलईडी आणि वायरिंग

१२ व्होल्टची पट्टी कुठंही कापता येत नाही, दर तीन एलईडीनंतर कात्रीची खूण असते तिथंच कापायची. मीटरला १२० एलईडी असतील तर खूण दर अडीच सेंटिमीटरला येते. आपल्या खाचेत दोन पाय सोडून साडेसत्तावीस सेंटिमीटर बसते, म्हणजे ३३ एलईडी. पट्टीवर मीटरला ९.६ वॅट लिहिलं असेल तर आपला तुकडा पावणेतीन वॅटसुद्धा खात नाही, १ ॲम्पिअरचा ॲडाप्टर निवांत चालते.

रंग? देवघरासाठी आणि घराच्या नावासाठी वॉर्म व्हाइट, डोळ्याला शांत. रिमोटवाली रंग बदलणारी पोरांना आवडते, पण मोठ्या माणसाच्या भेटीत मी ती घालत नाही.

जोडणी सोपी आहे. लाल वायर अधिकला, काळी उणेला, पट्टीवर खुणा छापलेल्या असतात. उलटी जोडली तर पेटत नाही, घाबरू नका, अदलाबदल करा. सोल्डर आयर्न पट्टीवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, तांब्याचा ठिपका उखडून येते. मध्ये स्विच, शेवटी डीसी सॉकेट, प्रत्येक जोडावर श्रिंक स्लीव्ह. इन्सुलेशन टेप आपल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, म्हणून स्लीव्हच. पट्टीच्या मागचा चिकट टेपही टिनाच्या घरात दुपारी सोडून देते, तिला दोन-तीन ठिकाणी पातळ प्लास्टिकची क्लिप मारा.

सगळं बसवायच्या आधी अर्धा तास चालू ठेवून पाहा, बसवल्यावर नाही.

व्होल्टचा घोळ करू नका. बाजारात यूएसबीवाली ५ व्होल्टची पट्टीही असते, दिसायला तशीच. ती १२ व्होल्टच्या ॲडाप्टरला लावली की लगेच जळते, आणि १२ ची पट्टी मोबाईल चार्जरवर पेटतच नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, लाईट गेली तर? कार्यक्रम संध्याकाळी असते आणि नेमकी तेव्हाच जाते. यूएसबी पट्टी घेतली तर पॉवर बँकवर चालते, पण काही पॉवर बँक एवढा कमी करंट पाहून थोड्या वेळानं आपोआप बंद पडतात, आधी तासभर तपासून घ्या. १२ व्होल्टची पट्टी असेल तर बॅटरीवाल्या फवारणी पंपाची बॅटरी एकदम कामाची, ती बहुतेक १२ व्होल्ट ८ एएचची (ॲम्पिअर-अवरची) असते आणि आपली पाटी पाव ॲम्पिअरही घेत नाही, रात्रभर सहज जाते. बॅटरी पंपातून काढून, औषधाचे डाग साबणाच्या कापडानं पुसून, हात धुऊनच वापरा. अधिकच्या वायरीत १ ॲम्पिअरचा फ्यूज टाका, आणि बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना पाटी जोडू नका.

९. पुसणं

शेवटच्या टप्प्यावर पाट्या खराब होतात त्या पुसताना. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही ॲक्रेलिकला लावू नका. कोरलेल्या रेघांपाशी आत ताण असते, स्पिरिट लागलं की तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा फुटतात, कधी लगेच तर कधी दुसऱ्या दिवशी. फेविक्विकसारखा झटपट गोंदही शीटजवळ नको, त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरा धूर बसते आणि लाईटमध्ये तोही पेटते.

कोमट पाण्यात भांडे घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रशनं रेघांमधली भुकटी काढा, साध्या पाण्यानं धुवा, मऊ कापडानं दाबून टिपा. टेपचा चिकटा राहिला असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि परत साबणपाणी. यानंतर शीट फक्त कडेला धरूनच उचला.

१०. जुळवणं आणि नेणं

बैठकीत शीट सरकवली की खाचेच्या दोन्ही बाजूंना काळी वेलवेटची पट्टी लावा. उजेडाची फट बंद होते, आणि श्रावण-भादव्यात लाईटवर जी पाखरं, चिलटं येतात ती खाचेत पडत नाहीत. पाटीच्या मागं हातभर अंतरावर गडद भिंत किंवा पडदा असला की अक्षरं उठून दिसतात, पांढऱ्या भिंतीपुढं अर्धी मजा जाते. काळा कागद द्यायचाच असेल तर तो बैठकीच्या मागं वेगळा उभा करा, शीटला चिकटवू नका, जिथं चिकटेल तिथून उजेड गळते.

एसटीनं न्यायची असेल तर शीट आणि बैठक वेगळी न्या, गोंद लावलेला नाही त्याचा हा फायदा. शीट आधी धुतलेल्या सुती कापडात, मग फोममध्ये, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका, शाई आणि कचकच दोन्ही लागते. उन्हाळ्यात बंद गाडीत काचेपाशी ठेवू नका.

आणि डब्यात एक चिठ्ठी टाका, मोठ्या अक्षरात: ॲडाप्टर १२ व्होल्टचाच लावायचा, पुसायला साबणपाणी आणि मऊ कापड, सॅनिटायझर नाही, शीटची कोरलेली बाजू मागं. बैठकीच्या खालीही १२ व्होल्ट असं पेंटनं लिहून ठेवा, कारण चिठ्ठी दिवाळीच्या साफसफाईत हरवते आणि मग कोणीतरी हाताला लागेल तो चार्जर लावून पाहते.